मदत हवी आहे – लुकबानचा पाहियास सण, आईला घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी, माझी बहीण फिलिपिन्सला मेडिकल करतेय आणि येत्या मे मध्ये मी नि आई तिला भेटायला चाललोय, तर १५ मेला केसोन प्रांतातल्या लुकबान गावी जायचं खूप मनात आहे. बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं शेतकऱ्यांचं गाव, आणि त्या दिवशी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचे आभार मानायला लोक घराच्या दर्शनी भिंतीच भात, भाज्या, फळांनी मढवतात. त्यात किपिंग म्हणून रंगीत पातळ पापड्या असतात, तांदळाचं पीठ झाडाच्या पानावर पसरून वाफवायचं, वाळवायचं नि अलगद सोडवायचं, पानाच्या शिरासुद्धा उमटतात! बहिणीने फोटो पाठवला तेव्हा आई म्हणाली अगं ह्या तर आपल्या फेण्या, तेव्हापासून तिला त्या करताना बघायच्याच आहेत.

आता प्रश्न. मनिलाहून लुसेनापर्यंत बस आणि पुढे जीपनी हे कळलं, पण सणाच्या गर्दीत त्याच दिवशी जाऊन परत येणं साठीच्या बाईला झेपेल का, की आदल्या दिवशी मुक्कामच करावा? किपिंग करणारं एखादं घर आधी विचारून बघायला मिळतं का? आणि आई पक्की शाकाहारी, तिथलं पान्सित हाबहाब (एक प्रकारच्या नूडल्स) केळीच्या पानावरून थेट तोंडाने खातात ते तिला फार आवडलंय, पण त्यात डुकराचं मांस असतं ना, बिनमांसाचं करून देतात का कोणी? तिथल्या तागालोग भाषेत नेमकं काय सांगायचं तेही लिहा प्लीज. कोणी जाऊन आलं असेल तर नक्की सांगा, तिकिटं ह्याच आठवड्यात काढायचीत.