मदत हवी आहे: १० मिमी काचेला होल पाडताना मागून टवके उडतात, टफनिंगला काचा फुटतात

पारदर्शी:
बाथरूम पार्टिशनसाठी १० मिमी साधी क्लिअर काच कापून, कड पॉलिश करून, होल मारून टफनिंगला (भट्टीत तापवून, झोतानं थंड करून मजबूत करायला) पाठवतो. गेल्या लॉटमधल्या पाचपैकी दोन काचा तिथेच फुटल्या. टफनिंगवाल्यांच्या म्हणण्यानुसार तडा होलापासून निघाला. होल १६ मिमीचं, डायमंड कोअर बिट (हिऱ्यांच्या धारेचं पोकळ बिट), ड्रिल स्टँडवर, एकाच बाजूनं आरपार. मागे तीन-चार मिमीचे टवके उडतात. पाणी बाटलीनं सोडतो. होलाचा मध्य कडेपासून २२ मिमीवर. वरचं होल कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून ३५ मिमीवर. बिट बदलू की वेग? शिवाय एका टफन झालेल्या काचेत गिऱ्हाइकाला आणखी एक होल हवंय, जमेल का?

ओली धार:
टफन काचेचं आधी सांगतो: अजिबात नाही. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. बिट गाभ्यात शिरलं की अख्ख्या काचेचा चुरा होतो. नवी काच करावी लागेल.

टवक्यांचं कारण एकाच बाजूनं आरपार जाणं. शेवटचा दीड-दोन मिमीचा पापुद्रा बिटाचा दाब सोसत नाही, मोडून सुटतो. मागच्या बाजूनं आधी ४ मिमी खोल मारा, काच उलटा, उरलेलं पुढून. दोन्हीकडची होलं मिळायला आली की हात अगदी हलका ठेवा. उलटल्यावर माप त्याच कडेपासून घ्या. समोरच्या कडेपासून घेतलं तर काचेच्या रुंदीतला फरक होलात येतो आणि आत पायरी पडते. एकाच बाजूनं मारणं भागच असेल तर खाली भंगारातल्या काचेचा तुकडा घट्ट टेकवा. टवके कमी होतात, बंद होत नाहीत.

पाणी बिटाच्या पोकळीतून यायला हवं. तशी सोय नसेल तर होलाभोवती पुट्टीचं कडं करून पाणी साठवा आणि बिट मधूनमधून उचला, म्हणजे भुकटी बाहेर येते. दुधासारखं पाणी निघतंय तोवर ठीक. पाणी स्वच्छ, आवाज शिट्टीसारखा आणि बिट पुढे सरकत नसेल तर हिरे गुळगुळीत झालेत. पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडात बिट दोन-तीनदा चालवा, धार उघडते. नवं बिट घ्यायची घाई नको. पाणी आणि वीज एकत्र आहेत, त्यामुळे ड्रिलच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच.

कड-पॉलिश:
वरचं सगळं केलंत तरी होलांच्या या जागांमुळे काच फुटू शकते, मोठी चूक तिथे आहे. युरोपच्या ईएन १२१५० मानकाप्रमाणे होलाच्या काठापासून काचेच्या कडेपर्यंत किमान दुप्पट जाडी, म्हणजे २० मिमी हवेत. तुमचा मध्य २२ वर, त्रिज्या ८, उरले १४. मध्य किमान २८ वर न्या, मी ३० धरेन. कोपऱ्यापासून होलाच्या काठापर्यंत सहापट, म्हणजे ६० मिमी. ३५-३५ वर मध्य ठेवला की तिरपं अंतर साडेएकोणपन्नास. ८ वजा केले की ४१.५. ५०-५० वर ठेवलं तर ६२.७ मिळतात.

आणि होलाची कड मारता का, म्हणजे तोंड तिरपं घासता का? पॉलिश बाहेरच्या कडेला आणि होल तसंच, हे नेहमी दिसतं. भट्टीत काच ६२० अंशांच्या वर तापते, मग हवेचा झोत बसतो. त्या क्षणी पृष्ठभाग आधी थंड होतो आणि क्षणभर ताणात येतो. टवक्याखालची बारीक चीर तेव्हाच उघडते. शंकूच्या आकाराच्या बिटानं दोन्ही तोंडांना ४५ अंशांत १ मिमी कड मारा, आतली पायरीही घासा. मग टॉर्च कडेनं धरा. होलाशी चंद्रकोरीसारखी चमक दिसली तर ती काच पाठवू नका.

पारदर्शी:
बिजागरीच्या कटआउटला (काचेत कापलेल्या खाचेला) कोपरे काटकोनातच ठेवतो. तेही चुकीचं?

कड-पॉलिश:
हो. आतल्या कोपऱ्याला किमान जाडीइतकी, म्हणजे १० मिमी त्रिज्या हवी. कोपऱ्यात आधी २० मिमीचं होल मारा, मग त्याला स्पर्श करणाऱ्या रेषेत कापा.

ओली धार:
बिजागरीचा बोल्ट थेट काचेला लागू देऊ नका. नायलॉन बुश आणि दोन्ही बाजूंना फायबर गॅस्केट घाला. १६ च्या होलाला १ मिमी कमी-जास्त चालतं असं मानक सांगतं, म्हणून बुशाचा बाहेरचा व्यास १४ मिमीपेक्षा जास्त घेऊ नका.