मदत हवी आहे: दमट हवेत तुळस आत्ताच काढावी की थांबावं?

चहासाठी वाळवायला तीसेक रोपं वाफ्यात लावली आहेत. मंजिऱ्या नुकत्याच फुटल्यात, म्हणजे काढणीची वेळ झालीच. पण आठ दिवस ऊन नाही, पानं दुपारपर्यंत ओली. आतल्या दाट फांद्यांवर करडी बुरशी दिसली. तेवढा भाग कापून टाकला, फांद्या विरळ केल्या, पाणी देणं बंद केलं.

मागच्या खेपेला ओल्याच जुड्या घट्ट बांधून टांगल्या. बाहेरून कुरकुरीत, आत दांड्याजवळ काळ्या. सगळ्या फेकल्या (चूक माझीच, घाई नडली). आता चाचणी म्हणून थोड्या फांद्या जाळीवर सुट्या पसरून पंखा लावलाय. चौथ्या दिवशी पानं चुरतात, पण देठ नुसता वाकतो, मोडत नाही. खोलीत आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास.

ओव्हन ६० अंशांखाली जात नाही, त्यात वास उडतो. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) नाही. फवारणी नको, पानं पोटात जाणार आहेत.

तर ओलीच कापून पंख्याखाली सुकवू, की उघडीप मिळेपर्यंत थांबू? आणि देठ ओलसर असताना नुसती पानं ओरबाडून बरणीत भरली तर टिकतील का?