पुण्यात छोटी नाट्यसंस्था काढायची आहे, आधी काय करावं?

तालीमवेडी: आम्ही सहा जण आहोत. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा केली, आता नोकऱ्या करतो. पाच पात्रांचं दोन अंकी नाटक बसवायचंय आणि पुढंही एकत्र काम करायचंय. वर्गणीतून ६० हजार जमलेत. आधी संस्था नोंदवायची की आधी नाटक?

विंगेतून: आधी नाटक. नोंदणीला किमान सात जण लागतात, आणि दहा प्रयोग झाल्याशिवाय कोण टिकतंय ते कळत नाही. तोवर जमाखर्चाची एक वही ठेवा, सगळ्यांना कधीही बघता येईल अशी.

दोन कागदांत मात्र ढिलाई नको. लेखकाची लेखी परवानगी, प्रयोगामागच्या मानधनाच्या आकड्यासकट. आणि सेन्सॉर, म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. संहिता पक्की झाली की त्याच आठवड्यात पाठवा. आम्ही उशिरा पाठवली आणि ठरलेली तारीख सोडावी लागली. त्या रात्रीचं सगळ्यांचं गप्प बसणं अजून आठवतं.

तिसरी घंटा: नेपथ्याबद्दल कळकळीनं सांगते. आमच्या पहिल्या नाटकात आठ बाय चारची लेव्हल, म्हणजे रंगमंचावर ठेवायचा उंच चौथरा, होती. ती जिन्याच्या वळणावर अडकायची, दर वेळी टेम्पो आणि चार माणसं लागायची. तीन प्रयोगांत पैसे संपले. दुसऱ्या नाटकाला चार स्टुलं, एक दोरी आणि एक जुनी पेटी घेतली. सगळं एका गाडीच्या डिकीत मावतं. त्याचे २७ प्रयोग झाले, सांगली-साताऱ्यापर्यंत जाऊन आलो.

पहिला प्रयोग मोठ्या नाट्यगृहात नको, सुदर्शन रंगमंचासारख्या जवळून बघायच्या जागी करा. तालमीला शाळेचा वर्ग मागा. आविष्कार या नाट्यसंस्थेनं १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि प्रायोगिक रंगभूमीला घर मिळालं. शाळेला कमी समजू नका.

तालीमवेडी: दोघांचे मनापासून आभार. लेव्हल्सचा आराखडा आजच रद्द केला. प्रकाशयोजनेला कुणाला कधी बोलवायचं?

तिसरी घंटा: पहिल्या वाचनालाच. रंगीत तालमीला आलेला माणूस फक्त दिवे लावतो.

तालीमवेडी: मग सातवं माणूस तेच शोधते. रविवारी लेखकांना भेटायला जातोय.

विंगेतून: मानधनाचा आकडा तुम्हीच आधी काढा. त्यांना मागायला लावू नका.