घरी बनवलेले स्पीकर की कंपनीचे? ५० हजारात काय करावं

षड्ज_पंचम:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून शेवटी धागा काढला. पुण्यात सहकारनगरला राहतो, हॉलवर टीव्हीचा ताबा आहे त्यामुळे माझ्या वाट्याला आतली १० बाय १२ फुटांची खोली. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, त्यातही गायकी, मधूनमधून नाट्यसंगीत आणि घरचे झोपले की जुना रॉक (अर्थात हळू). ५० वॉटचा अँप (अँप्लिफायर) घेऊन झालाय, स्पीकर मात्र अजून जुन्या होम थिएटरचे प्लास्टिकचे डबे, तानपुरा लागला की कानाशी डास आल्यासारखं वाटतं.

परवा एका मित्राने डोकं फिरवलं. म्हणे ५० हजाराच्या स्पीकरमध्ये माल असतो ८-१० हजाराचा, बाकी सगळं ब्रँड, ड्युटी आणि डीलरचं कमिशन. तू तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) वूफर-ट्वीटर उचल, रेडीमेड टू-वे क्रॉसओव्हर बोर्ड (जाड आवाज वूफरला, बारीक ट्वीटरला वाटून देणारा) घे, सुताराकडून दोन खोकी करून घे, १५ हजारात काम फत्ते. दुसरीकडे शोरूममध्ये डेमो ऐकला तर तिथे एसी, गालिचे, जाड पडदे, तिथे काहीही लावलं तरी भारीच वाटणार ना. सोल्डरिंग येतं मला, सुतारकामात मात्र ठणठण गोपाळ. ज्यांनी खरंच बनवलेत त्यांनी सांगा, पैसे वाचतात का आणि आवाज कंपनीच्या तोडीचा येतो का?

फेज_उलटा:
मित्राचं अर्धं बरोबर आहे, आत माल फार महाग नसतो हे खरंच. पण ते रेडीमेड क्रॉसओव्हर बोर्ड म्हणाला ना, तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

त्या बोर्डावर छापलेलं असतं ३ किलोहर्ट्झ, ८ ओम. आता तो बोर्ड बनवणाऱ्याने धरलंय की समोर कायम ८ ओमच आहेत, आणि कुठलाच ड्रायव्हर (म्हणजे वूफर किंवा ट्वीटर) तसा नसतो. वूफरचा इंपीडन्स (विजेला होणारा विरोध) त्याच्या रेझोनन्सपाशी (ज्या सुराला तो आपोआप घुमतो तिथे) ३०-४० ओमपर्यंत उडी मारतो, मग खाली येतो आणि वरच्या पट्टीत व्हॉइस कॉइलच्या (आतल्या तारेच्या गुंडाळीच्या) इंडक्टन्समुळे परत चढत जातो. म्हणजे ३ किलोहर्ट्झला कापायचं ठरवलेलं भलतीकडेच कापलं जातं. वर ट्वीटर बहुतेक वेळा वूफरपेक्षा ३-४ डीबी चढा असतो, त्याला रेझिस्टर लावून खाली आणावं लागतं, ते त्या बोर्डावर असेल तर नशीब.

आणि तुमच्यासारख्या गायकी ऐकणाऱ्यांसाठी खरी गोम वेगळीच आहे, बॅफल स्टेप. स्पीकरचा पुढचा फळा २० सेंमी रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या आसपासपासून (११५ भागिले रुंदी मीटरमध्ये, एवढंच गणित) आवाज फक्त पुढे न जाता डब्याला वळसा घालून मागेही जायला लागतो, आणि खाली खाली येत पुढचा आवाज जवळजवळ ६ डीबीने पडतो. पुरुषी गळ्याचा सगळा भरीवपणा त्याच पट्ट्यात असतो. हे क्रॉसओव्हरमध्ये भरून काढलं नाही तर भीमसेनजी लावाल आणि खर्ज गायब, नुसती धार ऐकू येईल. मग लोक म्हणतात डीआयवाय (घरी बनवलेले) स्पीकर टोचतात. टोचणारच की.

डब्याचंही तसंच. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी हे गणित बसवून दिलंय, ड्रायव्हरचे एफएस (रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी), क्यूटीएस (त्या घुमण्याला किती आवर बसतो) आणि व्हीएएस (त्याच्या लवचिकपणाइतकी हवा किती लिटर) हे तीन आकडे मिळाले की डबा किती लिटरचा आणि पोर्ट (हवेची नळी) केवढा ते निघतं. पण सुट्या वूफरची डेटाशीट मागून बघा कधी गल्लीत, उत्तर येतं "साहेब १०० वॉट आहे, बिनधास्त घ्या". वॉटवरून डबा निघत नाही हो.

म्हणून पहिल्यांदा करताय तर स्वतःचं डोकं चालवू नका, सिद्ध झालेलं डिझाइन जसंच्या तसं उतरवा. पॉल कार्मोडी, ट्रोल्स ग्रॅव्हसेन यांच्यासारख्यांनी ढिगाने डिझाइनं फुकट टाकून ठेवलीत, ड्रायव्हर कुठले, फळा किती रुंद, ट्वीटर वरून किती अंतरावर, आणि बहुतेकांत क्रॉसओव्हरमधल्या प्रत्येक भागाचं मूल्यही. त्यातला वूफर मिळाला नाही म्हणून "त्याच साइजचा" दुसरा घातला की ते डिझाइन राहिलं नाही, वर लिहिलेलं सगळं पहिल्यापासून.

डेसिबल_काकू:
सगळे डब्याचं बोलताय, त्या १० बाय १२ च्या खोलीचं कोणी बघणार की नाही? १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्या अंतरात ५६ हर्ट्झचा आवाज घुमतो, १२ फुटात ४७ चा. आणि फ्लॅटची उंचीही १० फुटांच्या आसपासच असते म्हणजे ५६ च्या घुम्याला आणखी एक जोडीदार. यात मोठ्या बेसचे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) आणलेत तर बेस कमी आणि लोखंडी कपाटाची दारं जास्त ऐकू येतील. छोटे बुकशेल्फ घ्या किंवा बनवा, भिंतीपासून जरा पुढे, स्टँडवर, ट्वीटर कानाच्या उंचीला. जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांनी वरच्या पट्टीतला दणदणाट कमी होतो, पण बेसला त्यांनी काही होत नाही, तो स्पीकर आणि खुर्ची सरकवूनच आटोक्यात येतो.

फक्त_ऐकणारा:
मी विरुद्ध पार्टीचा. षड्ज_पंचम, तुम्हाला गाणं ऐकायचंय की लाकूड कापायचंय हे आधी ठरवा. मित्राने ८-१० हजाराचा माल मोजला त्यात मापं घ्यायला लागलेला वेळ कुठे धरलाय? चांगली कंपनी स्पीकर गोल फिरवून सगळ्या कोनांतून मोजते, नुसता समोरून नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी लोकांना पडद्यामागे स्पीकर लपवून ऐकवले तेव्हा किंमत आणि नाव दिसत नसताना लोकांनी जास्त करून तेच निवडले जे समोरून सपाट आणि बाजूनेही एकसारखे वाजत होते. हे घरी टेबलावर बसून जुळवणं सोपं नाही.

दुसरं, रीसेल. कंपनीची जोडी नाही आवडली तर थोडा तोटा सोसून विकता येते. घरी बनवलेली विकायला काढलीत तर लोक लाकडाचा भाव विचारतात.

माझं म्हणणं, ५० हजारात वापरलेली चांगली बुकशेल्फ जोडी बघा. वॉर्फडेल डायमंड, अँड्र्यू जोन्सने डिझाइन केलेली एलॅकची डेब्यू, असलं काही. फक्त घेताना जाळी काढून बघा, कोनच्या (हलणाऱ्या शंकूच्या) कडेची रिंग फोमची असेल तर आपल्या हवेत काही वर्षांनी तिचा भुगा होतो, रबराची टिकते. दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कोन अलगद आत दाबा, खरखर आली तर व्हॉइस कॉइल घासतेय, नमस्कार करून परत या.

फेज_उलटा:
@फक्त_ऐकणारा, रीसेलचं मान्य, शंभर टक्के. पण मापं घेणं आता काही कंपनीची मक्तेदारी राहिली नाही. यूमिक-१ सारखा यूएसबी माइक, मापं घ्यायचं रूम ईक्यू विझार्ड फुकट, क्रॉसओव्हर आखायचं व्हिट्युइक्सकॅड फुकट. मी वर ज्यांची नावं घेतली ते सगळे मोजूनच डिझाइन टाकतात, आपण फक्त उतरवायचं. आणि छोट्या डब्याला कमी लेखू नका राव, बीबीसीचा एलएस३/५ए साधारण ५ लिटरचा, बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मॉनिटर म्हणून केलेला, आणि गळा ऐकायला लोक आजही त्याच्या नकला बनवतात.

पैशाचं मात्र खरं सांगतो, पहिल्या जोडीत बचत वगैरे काही होत नाही. ड्रायव्हर बाहेरून मागवले की ड्युटी आणि कुरिअर, वर क्लँप, लाकूड कोरायच्या राऊटरचं बिट, आणि "आता एवढं केलंय तर जरा चांगले कॅपॅसिटर घालू" हा आजार.

षड्ज_पंचम:
बापरे, एवढं लिहिलंत, मनापासून आभार. वापरलेले स्पीकर बघतोच, पण खरं सांगायचं तर हात शिवशिवतायत. कार्मोडीचं ओव्हरनाइट सेन्सेशन्स बघितलं, ४ इंची वूफर, लहान खोलीला बरं वाटतंय, पहिलं म्हणून तेच धरतो. पण डब्याचं काय? आमच्याकडे येणारा सुतार म्हणतो प्लाय घ्या, वर सनमायका चिकटवून देतो, एक नंबर दिसेल.

पटाशी:
सुताराला दुखवू नका पण डबा त्याला देऊ नका. तो खिळे ठोकणार, फटीत लांबी (पुट्टी) भरणार आणि म्हणणार झालं. स्पीकरचा डबा हवाबंद पाहिजे, पोर्ट सोडून कुठूनही हवा निसटली तर जोरात बेस आला की फुस्स ऐकू येतं.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला १८ मिमी शीट घ्या. साधा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) राऊटरला लोण्यासारखा जातो पण पावसाळ्यात उघड्या कडा पाणी पितात आणि फुगतात, कडांना प्रायमर मारायचाच. एचडीएचएमआर (त्याचाच जास्त घट्ट, ओल कमी धरणारा प्रकार) घेतलंत तर थोडे जास्त पैसे पण ओलीची कटकट बरीच कमी, जड मात्र जाम. प्लाय चांगला मिळाला तर उत्तम, स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ्या निघतात आणि नेमक्या वूफरच्या भोकापाशी निघतात.

कापायला मॉड्युलर किचनवाल्या वर्कशॉपमध्ये द्या, त्यांच्याकडे पॅनेल सॉ असतो, सगळे तुकडे गुण्यात (अगदी काटकोनात) येतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, बाहेरून २० बाय ३४ बाय २८ सेंमीचा डबा १८ मिमीत केला तर आत साधारण १२ लिटर जागा उरते, वूफर, क्रॉसओव्हर आणि मधली आधाराची पट्टी मिळून लिटरभर खातात. असल्या दोन जोड्या एका ८ बाय ४ शीटमध्ये सहज निघतात, म्हणजे एक तुकडा वाया गेला तरी रडायची वेळ येत नाही. तुमच्या डिझाइनचा डबा याहून लहान आहे, मापं त्याच्याच नकाशातली घ्या, माझी नको.

गोल भोकं सीएनसीवाल्याकडून, ड्रायव्हरची कड फळ्यात सपाट बसेल एवढी खाच आताच मारून घ्या, नंतर हाताने होत नाही. जोडताना फेविकॉल आणि क्लँप, खिळे नकोत. चिकटवल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजा, सारखे भरले तरच क्लँप आवळा. आत उशीत भरतात तो पॉलिएस्टर. एमडीएफ कापताना मास्क लावा, ती धूळ वाईट.

फेज_उलटा:
पटाशी यांनी सगळं सांगितलंच, एक वायरिंगचं राहिलं. ड्रायव्हर बसवण्याआधी वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा, सेलचा प्लस ज्या टोकाला लावल्यावर कोन बाहेर येतो ते प्लस. ट्वीटरवर हा प्रयोग नको. आणि नकाशात ट्वीटर उलटा जोडलेला दिसला तर छपाईची चूक समजून सरळ करू नका. लिंक्विट्झ-रायली नावाच्या क्रॉसओव्हरच्या १२ डीबीवाल्या प्रकारात तो मुद्दामच उलटा असतो, सरळ केलात तर क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना कापतात आणि खड्डा पडतो.

षड्ज_पंचम:
हे मी शंभर टक्के सरळ केलं असतं. पटाशी, कटिंग लिस्ट बनवतोय, ब्लेडची जाडी धरायची का?

पटाशी:
तुकड्याच्या मापात नाही, शीटवर आखणी करताना धरायची. दोन तुकड्यांमध्ये ३-४ मिमी सोडा. आणि मापं मिलिमीटरमध्येच लिहून द्या, तिथे सूत-इंच सुरू झालं की गोंधळ ठरलेला.