विमानाने कुत्रे-मांजर नेताना : तुमचे अनुभव लिहा

तिलकनगर_इंदूर
परवा लेकीला सोडायला इथल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर गेले होते. दारापाशी एक मुलगा उभा होता. त्याच्या जाळीच्या पिशवीतून मांजर बाहेर बघत होते, आणि एका हाताने कागद दाखवत असताना दुसऱ्या हाताचे बोट त्याने जाळीला लावून ठेवले होते. ते बोट पाहिले आणि 2019 चा मे महिना आठवला.

आई गेली आणि मागे तिची राणी राहिली. देशी कुत्री, 18 किलोची. तिला मुंबईला माझ्या घरी न्यायचे होते. लसीचे पुस्तक, डॉक्टरांचे प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र, ओळखपत्राच्या प्रती, सगळे जमवले होते. काउंटरवर त्यांनी राणीला पिंजऱ्यात उभी राहायला लावले आणि तिचे कान छताला टेकतात, एवढ्या कारणावरून तिला नाकारले. नियम त्यांचा बरोबर होता. परंतु तीन वेळा फोन करूनही पिंजऱ्याचे माप कसे घ्यायचे, हे मला कोणी सांगितले नव्हते. राणीला पुन्हा रिक्षात घालून आईच्या कुलूप लावलेल्या घरी परतले, ती दुपार मी विसरू शकत नाही.

म्हणून माप आधी लिहिते. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी आणि तीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीची निम्मी मिळवावी. ती पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभे असताना डोक्याचा किंवा कानाच्या टोकाचा जो भाग सर्वांत उंच असेल तिथपर्यंतची उंची, अधिक खालच्या अंथरुणाची जाडी, ही पिंजऱ्याची उंची. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमावलीत हेच सूत्र आहे. प्राण्याला आत सहज उभे राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे, हा त्याचा अर्थ.

तुम्ही कोणी नेले असेल तर सविस्तर लिहा. पुढच्या महिन्यात भाचीला तिचा कुत्रा न्यायचा आहे.

बडोद्याची_मनीमाऊ
ताई, वाचून गलबलले. आमची मांजर साडेतीन किलोची असल्यामुळे माझ्यासोबत केबिनमध्ये आली. कागदांपेक्षा सवयीला जास्त दिवस लागतात, हा माझा अनुभव. पिशवी तीन आठवडे बैठकीच्या खोलीत उघडी ठेवली आणि तिचे जेवण आतच ठेवू लागले. ती आपणहून आत झोपू लागल्यावर चेन पाच मिनिटे लावली, मग अर्धा तास. शेवटच्या आठवड्यात तिला पिशवीत घालून गाडीने दांडिया बाजारातून हरणीच्या विमानतळापर्यंत नेऊन परत आणत असे.

सुरक्षा तपासणीत पिशवी क्ष-किरण यंत्रातून जाते आणि प्राण्याला हातात घेऊन धातुशोधक चौकटीतून जावे लागते, हे आधी माहीत असले पाहिजे. त्या गोंगाटात मांजर निसटली तर सापडणे कठीण. मी घरूनच तिला छातीचा पट्टा घालून नेले होते आणि बंद खोलीत तपासणी करण्याची विनंती केली. त्या महिला जवानाने ती मान्य केली आणि दाराशी स्वतः उभी राहिली.

रामबाग_४५२
पर्शियन मांजर असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच विचारा. आमचे परत केले. चपट्या नाकाचे प्राणी, म्हणजे पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, पर्शियन, अनेक विमान कंपन्या घेत नाहीत किंवा ठरावीक महिन्यांतच घेतात. त्यांची श्वासनलिका अरुंद असते, आणि कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. उन्हात किंवा भीतीने ती धाप पुरी पडत नाही. हे कारण डॉक्टरांनी समजावल्यावर माझा राग गेला.

आम्ही शेवटी अवंतिका एक्स्प्रेसच्या वातानुकूलित प्रथम वर्गाने मुंबईला गेलो. दोन बर्थचा कूपे पूर्ण आपल्या नावावर असावा लागतो आणि तो मिळेल की नाही, हे तक्ता लागेपर्यंत कळत नाही. पार्सल कार्यालयात प्राण्याची नोंद करून पावती घ्यावी लागते. तो पर्यायही लक्षात ठेवा.

आजी_सुदामानगर
विमानाच्या पोटात सामानाबरोबर ठेवतात, तिथे हवा असते का हो? माझ्या नातवाला त्याचा लॅब्रेडॉर न्यायचा आहे. मला ही कल्पनाच सहन होत नाही.

मालवाहतूक_निवृत्त
आजी, नमस्कार. मी अनेक वर्षे विमानतळावर मालवाहतुकीचे काम केले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. ज्या कप्प्यात प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या कक्षाइतकाच असतो आणि तापमानही राखले जाते. आत जिवंत प्राणी आहे हे वैमानिकाला उड्डाणापूर्वी लेखी कळवले जाते. धोका आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त असतो. मे महिन्यात इंदूरला 42 अंशांपर्यंत पारा जातो. धावपट्टीलगतचे डांबर त्याहून तापलेले असते, आणि विमानाला उशीर झाला की पिंजरा ट्रॉलीवर थांबतो. म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे किंवा रात्रीचेच विमान घ्यावे आणि शक्यतो मध्ये विमान बदलू नये.

पिंजऱ्याविषयी चार गोष्टी मनापासून सांगतो. वरचा आणि खालचा भाग प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांनी नव्हे, तर धातूच्या नट-बोल्टनी जोडावा. चाके असतील तर काढून टाकावीत. पाण्याची वाटी दारालाच आतून अडकवावी, म्हणजे दार न उघडता बाहेरून पाणी भरता येते; आदल्या रात्री त्या वाटीत पाणी गोठवून ठेवले तर ते सांडत नाही आणि हळूहळू वितळून प्यायला मिळते. वर ‘जिवंत प्राणी’ असे लेबल, वरची बाजू दाखवणारे बाण आणि प्राण्याचे नाव मोठ्या अक्षरांत असावे. हे शेवटचे कोणत्याही नियमात नाही. परंतु पिंजरा उचलणारी मुले नाव वाचून हाक मारतात आणि प्राणी शांत होतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

आजी_सुदामानगर
देव तुमचे भले करो. त्याचे नाव मी स्वतः लिहीन.

नवी_पालक
झोपेचे औषध दिले तर चालेल का? माझा कुत्रा फटाक्यांनाही घाबरतो.

महूकर_पशुवैद्य
कृपया देऊ नका. गुंगीच्या औषधाने रक्तदाब आणि श्वसन मंदावू शकते, विमान हलले की प्राण्याला तोल सांभाळता येत नाही, आणि त्या वेळी त्याच्याजवळ कोणीही नसते. गुंगी दिल्याचे लक्षात आले तर बहुतेक कंपन्या प्राणी नाकारतात. निघण्याच्या चार ते सहा तास आधी हलके जेवण द्यावे, पाणी बंद करू नये आणि पिंजऱ्यात तुमचा न धुतलेला सदरा अंथरावा. भीती फार असेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे महिनाभर आधी दाखवून घ्या.

आबा_जुनी_इंदूर
परदेशी नेणाऱ्यांसाठी लिहितो. मुलगा जर्मनीला गेला, त्याचा कुत्रा मोती मागे आमच्याकडे राहिला. युरोपीय संघाच्या नियमांत क्रम महत्त्वाचा आहे आणि आमचा तोच चुकला. आधी पंधरा अंकी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, त्यानंतर रेबीजची लस. आम्ही लस आधी दिली होती, त्यामुळे ती ग्राह्य धरली गेली नाही. चिप बसवून पुन्हा लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे, आणि प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक आले तरी रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. भारतातून जाणाऱ्यांना ही प्रतीक्षा चुकत नाही. अखेरचे सरकारी आरोग्य प्रमाणपत्र आम्हाला मुंबईच्या पशु विलगीकरण केंद्रातून घ्यावे लागले, आणि ते युरोपात पोहोचण्यापूर्वीच्या दहा दिवसांच्या आतले असणे आवश्यक असते.

म्हणजे मोती आमच्याकडे चार महिन्यांहून अधिक राहिला. मी रोज पहाटे त्याला फिरवत असे. तो गेल्यावरही पाच वाजता जाग येते.

तिलकनगर_इंदूर
आबा, सकाळी कोणाबरोबर तरी फिरायला जात जा. मनापासून सांगते आहे.

राऊचा_विद्यार्थी
हॉस्टेल सोडताना आमचा पोपट घरी न्यायचा आहे. त्याला हेच नियम का?

महूकर_पशुवैद्य
आपला हिरवा देशी पोपट असेल तर तो पाळणेच 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. विमानाचा प्रश्न उद्भवत नाही. वनविभागाशी बोला. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी एकदम सोडून देऊ नका, तो जगणार नाही.

बडोद्याची_मनीमाऊ
भाचीसाठी अजून एक. कंपन्यांचे नियम सारखे नाहीत. इंडिगो सहाय्यक श्वानांखेरीज पाळीव प्राणी घेत नाही, एअर इंडिया घेते, आणि अकासाने नोव्हेंबर 2022 पासून घ्यायला सुरुवात केली तेव्हा केबिनची मर्यादा पिंजऱ्यासह 7 किलो होती. मर्यादा बदलत राहतात आणि एका विमानात प्राण्यांसाठी जागा मोजक्याच असतात. म्हणून आधी प्राण्याची जागा लेखी निश्चित करून घ्यावी आणि मगच स्वतःचे तिकीट काढावे.

नवी_पालक
राणीचे पुढे काय झाले, ते राहिलेच.

तिलकनगर_इंदूर
अकरा दिवस ती शेजारच्या काकूंकडे राहिली आणि आईच्या फाटकापाशी बसून असे. तेवढ्या दिवसांत मोठा पिंजरा मागवला, रोज संध्याकाळी तिच्याबरोबर त्याच्या दाराशी बसले आणि आईची सुती साडी आत अंथरली. पहाटेच्या विमानाने गेलो. मुंबईला पिंजरा बाहेर आला तेव्हा ती साडीवर डोके ठेवून झोपली होती. पुढे साडेचार वर्षे ती माझ्याजवळ होती.

मी आता इंदूरला परतले आहे आणि तो पिंजरा माळ्यावर आहे. आतून 91 सेंटिमीटर लांब, 61 रुंद, 66 उंच, धातूच्या बोल्टचा. भाचीचा कुत्रा आज मोजला, त्याला तो फार मोठा होतो. आजी, नातवाला लॅब्रेडॉर मोजायला सांगा. कानाच्या टोकापर्यंत 63 च्या आत भरला तर येऊन घेऊन जावा.