मदत हवी आहे: लहान बोटीत पाण्याचं वजन किती भरावं आणि कुठं? (वेकबोर्डिंग, नागपूर)

नमस्कार मंडळी. नागपुरात बसून असा प्रश्न विचारतोय म्हणून हसू नका, खरंच अडलं आहे.

मामांची फायबरची बोट आहे. १५ फूट लांब, ६ फूट रुंद, मागं ६० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लटकणारं इंजिन). मासे धरायच्या हौसेनं घेतली होती, मासे काही गावले नाहीत. मग दिवाळीत मावसभाऊ वेकबोर्ड (बोटीमागं दोर धरून पाण्यावर उभं राहायची फळी) घेऊन आला आणि आता अर्धं घर त्याच नादाला लागलंय. रविवारी पहाटे ट्रॉलीवर बोट चढवून रामटेककडं निघतो. परवानगी काढलेली आहे, जॅकेट सगळे घालतात, दोरावरच्या माणसाकडं बघायला बोटीत वेगळा माणूस असतो. तेव्हा धागा तिकडं भरकटू देऊ नका.

अडचण लाटेची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वेक म्हणजे बोटीच्या मागं दोन्ही बाजूंना फाकत जाणारी लाट. बोर्डवाला दोर धरून तिच्यावर चढतो आणि उडी मारतो. आमची लाट घोट्याएवढी. व्हिडिओत दिसतात त्या बोटी दोन-दोन टनांच्या, वर त्यांच्यात आणखी टनभर पाणी भरतात. आमची बोट इंजिन धरून साडेचारशे किलो. म्हणून वाटलं, आपणही पाणी भरून पाहू.

मागच्या रविवारी २० लिटरचे दहा कॅन भरले आणि सगळे इंजिनापाशी मागं रचले. लाट मागं उठते म्हणजे वजनही मागंच पाहिजे, असा माझा हिशोब. बोटीचं तोंड आभाळाकडं, मामांना समोरचं काही दिसेना, इंजिन नुसतं बोंबलतंय आणि बोट पाणी सोडून वर यायला तयार नाही. कशीबशी आली. तेवढ्यात मावसभाऊ पडला. मामांनी घाबरून थ्रॉटल एकदम बंद केला, आणि आमचीच लाट मागून येऊन मागच्या फळीवरून सरळ आत शिरली. कॅन घसरत सगळे डावीकडं. बोटीत चार बोटं पाणी आणि त्यावर आईनं दिलेला चिवड्याचा डबा तरंगतोय. मामा एवढंच म्हणाले, "बोटीतलं पाणी बाहेर फेकायचं असतं बे, आत भरायचं नसतं."

तर प्रश्न असे. किती वजन चालेल? कुठं ठेवायचं? कॅनऐवजी वाळूची पोती टाकली तर? आणि घरात कुलरचा पंप पडून आहे, त्यानं तलावातून पाणी भरता येईल का?

तर्रीपोहे:
मला वाटलं फुटाळ्यावर कारंज्यासमोर चालू आहे का काय! पोलीस दोर नाही, कॉलर धरतील. बाकी विषयातलं काही कळत नाही, पण वाचून राहिलो. चिवडा वाचला का?

धागाकर्ता:
डबा घट्ट होता, वाचला.

तारकर्लीकर:
मी किनाऱ्यावर आठ वर्षं बोट चालवतो. आधी एक सांगा. बोटीवर बनवणाऱ्याची पाटी असेल, तिच्यावर किती माणसं आणि किती किलो लिहिलंय? पाणीसुद्धा त्याच किलोंत मोजायचं असतं. पाण्याला वेगळी सवलत नाही.

धागाकर्ता:
आत्ताच मामांना फोन करून बघायला लावलं. ६ माणसं, ४८० किलो, इंजिन सोडून. आम्ही तिघं मिळून २२०. पेट्रोल २५ लिटर. बॅटरी, नांगर, दोर, सामान धरून ४० किलो असेल.

तारकर्लीकर:
मग बघा. २५ लिटर पेट्रोल म्हणजे १९ किलोच्या आसपास. २२० अधिक १९ अधिक ४०, झाले २७९. पडलेला गडी परत बोटीत येतो, त्याचे ७० धरा. ३४९. तुमच्या हातात उरतात १३०. तुम्ही भरले २०० आणि तेही एका कोपऱ्यात. पाणी आत आलं नसतं तरच नवल होतं.

जागेचं आता नीट समजून घ्या, कारण गंमत इथंच आहे. तुमच्या आकाराच्या बोटीत २०० किलो सपाट पसरलं तर बोट जेमतेम ४ सेंटीमीटर खाली बसते. तेच सगळं मागच्या फळीपाशी ठेवलं तर पुढचं टोक वर उचलतं आणि मागची फळी त्याच्या कितीतरी पट खाली जाते. इंजिनाचेच शंभरावर किलो तिथं आधीच लटकलेले आहेत. म्हणून लहान आउटबोर्ड बोटीत वजन मधे आणि थोडं पुढं. १२० किलो घ्या, निम्मं मधल्या बाकाखाली, निम्मं पुढच्या टोकाच्या अलीकडं. वजन मागं असेल तर लाट उंच आणि उभी होते, पण आखूड. पुढं सरकवलं की उतार लांब आणि सौम्य होतो, नवख्याला तोच बरा.

वाळू बिलकुल नको. बोटीत पाणी शिरलं तर पिशवीतलं पाणी पाण्यात गेल्यावर बोटीला खाली ओढत नाही, त्याचं वजन तिथं शून्य. ५० किलोची वाळूची गोणी मात्र बुडाल्यावरही ३० किलोनं ओढतच राहते.

आणि थ्रॉटल. माणूस पडला की हळूहळू कमी करायचा, बोट वळवत न्यायची, म्हणजे स्वतःची लाट बाजूनं निघून जाते. मामांना आधी एवढं एकच शिकवा, बाकी नंतर.

कुलरचा पंप घरीच ठेवा. तो २३० व्होल्टवर चालतो, पाण्याच्या काठावर तारा ओढत बसू नका. बोटीच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा बिल्ज पंप (बोटीत साचलेलं पाणी उपसायचा पंप) घ्या. ५०० गॅलनचा छोटा पंप कागदावर तासाला १,९०० लिटर टाकतो. प्रत्यक्षात कमी टाकेल, तरी १२० लिटर पाच-सहा मिनिटांत होईल. बाहेर काढायलाही तोच.

कळमेश्वरचा ट्रॅक्टर:
भाऊ, मी बोटीतला नाही, शेतातला आहे. पण पाण्याचं वजन आमाले नवीन नाही. चिखलणीच्या टायमाले ट्रॅक्टरचं मागचं चाक घसरते म्हणून टायरच्या ट्यूबमधे पाणीच भरतो आमी. चाकाचा वॉल वर करून पाइप लावायचा, पाऊण ट्यूब भरायची, बाकी हवा. तुमाले हवा ठेवायची गरज नाही. जुनी ट्रॅक्टरची ट्यूब घ्या, पंक्चरवाल्याकडं पडून असते, आत पाणी भरा, बोटीत आडवी टाका. कॅनसारखी घसरत नाही, रबर पकडून ठेवते. पायजे तर मधातून दोर घालून बाकाले बांधा.

तारकर्लीकर:
ट्रॅक्टरवाल्यांनी जिंकलं. बाजारात यासाठी फॅट सॅक नावाच्या पिशव्या मिळतात, त्या महाग पडतात. ट्यूब चांगली. फक्त अर्धवट भरू नका. अर्ध्या ट्यूबमधलं पाणी वळताना एकदम एका बाजूला धावतं आणि बोट कलते. एक तर पूर्ण भरलेली, हवा काढून, नाहीतर रिकामी.

कळमेश्वरचा ट्रॅक्टर:
हवा काढाले वॉलची सुई काढून ठेवा, मग भरा.

गिअरतेल:
इंजिनाकडं कोणीच बघत नाहीये. मी आउटबोर्ड दुरुस्त करतो. या आकाराच्या फोर स्ट्रोकला पूर्ण थ्रॉटलवर ५,००० ते ६,००० आरपीएम लागतात, तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात नेमका आकडा असेल. वजन वाढलं की आरपीएम खाली येतात आणि इंजिन गुदमरतं. तुम्ही म्हणता ना बोंबलतंय पण वर येत नाही, तेच. मीटर बघा. ५,००० च्या खाली असेल तर पंखा (प्रोपेलर) बदला. पंख्याचा पिच म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढं जाईल याचा हिशोब. पिच एक इंच कमी केला की आरपीएम दीडशे-दोनशेनं वाढतात. जुन्या पंख्यावर काय आकडा कोरलाय?

त्यात तुमच्याकडचा उन्हाळा. मे महिन्यात ४४-४५ अंशांत हवा विरळ होते, इंजिन थोडं कमीच ओढतं. सकाळी करताय ते बरं आहे.

धागाकर्ता:
१३ कोरलेलं आहे. मामा म्हणतात मागच्या वेळी ४,७०० च्या वर काटा गेला नाही.

गिअरतेल:
मग ११ लावा. वरचा वेग थोडा जाईल, पण तुम्हाला शर्यत लावायची नाहीये. निघताना ट्रिम (इंजिनाचा कल) पूर्ण आत ठेवा, तोंड लवकर खाली येईल.

तारकर्लीकर:
दोर किती लांब आहे आणि वेग किती ठेवता?

धागाकर्ता:
२२ मीटर. वेग मोबाइलच्या जीपीएसवर ताशी ३५-३६ किलोमीटर.

तारकर्लीकर:
हेच. हा दोर मोठ्या बोटीचा आहे. तुमची लाट २२ मीटरपर्यंत जाता जाता पसरून मरते. दोर १६ मीटरवर आणा, तिथं लाट अजून उभी असेल. वेग २८-३० वर ठेवा, लहान बोट जरा खोल बसून चालते आणि लाट जाड होते. त्याहून खाली गेलात तर नुसता फेस. अर्धं काम एवढ्यानंच होईल, वजनाचं नंतर बघा. आणि तळ्यात कुठं पाणी उथळ आहे ते आधी फिरून बघून ठेवा, उन्हाळ्यात पातळी उतरली की जिथं कालपर्यंत खोल होतं तिथं दगड वर येतात.

धागाकर्ता (पंधरा दिवसांनी):
सांगायला उशीर झाला. पंक्चरवाल्याकडं ट्रॅक्टरच्या ट्यूब नव्हत्या, दोन ट्रकच्या मिळाल्या. १५ लिटरच्या बादलीनं मोजून दोन्हीत चार-चार भरल्या, म्हणजे १२०. वॉलची सुई काढूनसुद्धा हवा जाईना. शेवटी मामा ट्यूबवर बसले तेव्हा गेली. एक मधल्या बाकाखाली, एक पुढं, दोन्ही दोरानं बांधलेल्या. पंपाचं अजून केलेलं नाही, बादलीच चालली.

पंखा ११ चा लावला. काटा आता ५,०५० ला जातो आणि बोट पहिल्यापेक्षा लवकर वर येते.

पहिल्या फेरीत ट्यूब रिकाम्या ठेवून फक्त दोर १६ वर आणि वेग २९ वर आणला होता. तारकर्लीकर, तुमचं बरोबर होतं, तेवढ्यानंच लाट घोट्यावरून पोटरीपर्यंत आली. मग ट्यूब भरल्या तर गुडघ्याच्या चार बोटं खाली. एका बाजूची लाट मात्र स्वच्छ आणि दुसरी फेसाळ येत होती. मामा उजवीकडं चाकावर बसतात, बोट तिकडं कलत होती. मी डावीकडं जाऊन बसलो, दोन्ही सारख्या झाल्या. म्हणजे या सगळ्यात माझा उपयोग ७८ किलो.

मावसभाऊ एका लाटेवरून उडाला तो दुसऱ्या लाटेच्या अलीकडं पडला. मामांनी थ्रॉटल हळू सोडला, गोल वळवून आणली, आत एक थेंब आला नाही. मागच्या फळीकडं बोट दाखवून म्हणाले, "आता भरा पायजे तेवढं." मी १२० च्या वर जाऊ देणार नाही.

१३ पिचचा जुना पंखा घरी पडून आहे. ६० एचपीच्या कुणाला लागत असेल तर व्यनि करा.