‘महाल’ (१९४९) आज बघावा, की नुसतं गाणं ऐकून सोडून द्यावा?

रात्रपाळी
रविवारी रात्री दिवे घालवून ‘महाल’ लावला. आईकडून इतकं ऐकलं होतं की उशी पोटाशी धरूनच बसलो. पहिला पाऊण तास झकास. अशोककुमार उजाड महालात येतो, म्हातारा माळी जुनी कहाणी सांगतो, तसबिरीतला मेलेला मालक हुबेहूब याच्यासारखा निघतो आणि मध्यरात्री कुठून तरी ‘आयेगा आनेवाला’ हे गाणं सुरू होतं. इथवर काटा आला, खोटं का बोलू. त्यानंतर मात्र जांभयाच जांभया. जो तो थांबून थांबून शायरीत बोलतो. भूत समोर आल्यावर माणूस किंचाळेल, की उपमा शोधत बसेल?
माझं मत : गाणं ऐका, सिनेमा सोडा. पटत नसेल तर भांडा, पण ‘अभिजात आहे’ एवढ्यावर भागवू नका.

जुनी रेकॉर्ड
अहो, ते गाणं सिनेमातच बघायची गोष्ट आहे! ठेका सुरू व्हायच्या आधी ‘खामोश है जमाना’पासूनच्या ओळींत आवाज लांबून जवळ येतो ना, त्यासाठी लताबाईंना माइकपासून दूर उभं करून गात गात चालत आणलं होतं. त्यांनी स्वतःच सांगितलेला किस्सा आहे. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या उंबरठ्यावर. रेकॉर्डवर गायिकेचं नाव म्हणून मधुबालाच्या पात्राचंच नाव छापलं होतं, ‘कामिनी’. लोक विचारत सुटले, ही बाई कोण?
बसमध्ये इयरफोन लावून ऐकलंत तर चाल कळेल. पण आवाजामागे खोल्याखोल्यांतून हिंडणारा अशोककुमार आणि झोपाळ्यावरची मधुबाला दिसल्याशिवाय संगीतकार खेमचंद प्रकाशांनी गाण्याला एवढी वाट का बघायला लावली ते नाही कळणार. (अवांतर : त्यातली राजकुमारीची गाणीही ऐका. लताबाईंच्या सावलीत बिचारी विसरली गेली.)

पिठलंभात
मी रात्रपाळींच्या बाजूने.
पुढे रहस्यभेद आहे, सिनेमा न बघितलेल्यांनी खालचं काहीच वाचू नका.
भूत नाहीच हो त्यात! माळ्याची मुलगीच कामिनी बनून सगळ्यांना नाचवते. पावणेतीन तास जीव मुठीत धरायचा आणि शेवटी हात्तिच्या! फुकट बघितला म्हणून गप्प बसले, तिकीट काढलं असतं तर पैसे मागितले असते.

मालाडकर
पिठलंभात, तुम्हाला जिथे हात्तिच्या झालं तिथेच माझ्या पोटात गोळा आला. भूत असतं तर मांत्रिक आणला असता, सुटला असता. इथे शंकरला, म्हणजे अशोककुमारला, सुटायचंच नाही. ‘मला मिळवायचं तर मर’ असं कामिनी सांगते आणि हा गडी खरंच मरणाचा विचार करायला लागतो. मित्र त्याला ओढून काढायला बघतो, तरी पाय तिकडेच.
आणि काळोख बघा की राव! कॅमेरामन जोसेफ विर्शिंग जर्मन होता. ‘महाल’ काढणारी कंपनी बॉम्बे टॉकीज सुरू झाली तेव्हा तिचे संस्थापक हिमांशू राय यांनी आणलेल्या मंडळींपैकी. युद्धात इंग्रजांनी त्याला नजरकैदेत टाकलं, तो सुटून परत कॅमेऱ्यामागे. कंदिलाचा एक कवडसा, बाकी भिंत काळी, आणि त्या काळ्यात कोणी आहे की नाही हे आपण शोधत बसतो. संकलन बिमल रॉय यांचं. त्यांनीच पुढे १९५८ साली जुन्या हवेलीचा, पुनर्जन्माचा ‘मधुमती’ केला. तोही आधी बघितला असेल तर ‘महाल’ अजून उघडतो.
आमच्या मालाडात बॉम्बे टॉकीजच्या जागी आता गाळे आहेत. तिथून जाताना दरवेळी मान वळते. तेव्हा मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

तिसरी घंटा
छायाचित्रण कबूल. पण याला प्रेमकथा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. प्रेम कोणाचं? पडद्यावर अशोककुमार ३७-३८ वर्षांचा, मधुबाला १६ची. तेही त्या काळचं म्हणून सोडू. रंजनाचं काय? शंकर तिच्याशी लग्न करतो आणि कामिनीला विसरायला म्हणून तिला आडरानात, वटवाघळांच्या झोपडीत नेऊन ठेवतो. तिचा गुन्हा काय, तर ती जिवंत आहे. शेवटी विष घेते आणि मरताना नवऱ्यावर आळ घेऊन मोकळी होते. मला सगळ्या सिनेमात भीती वाटली ती त्या झोपडीत, महालात नाही.

मालाडकर
हे बघा, हीच झाली बघण्याची शिफारस!

तिसरी घंटा
छे. कमाल अमरोहींचा कॅमेरा रंजनापाशी फार थांबतच नाही, त्यांचा जीव अडकलाय कामिनीत. पहिलाच सिनेमा दिग्दर्शकाचा, मान्य, पण बाईचे हाल नुसते उरकून टाकलेत. ज्यांना सवड आहे त्यांनी बघावा. मी दुसऱ्यांदा बघणार नाही.

पिठलंभात
+१. आणि तो कोर्टाचा भाग! देवा!

जुनी रेकॉर्ड
कोर्टाच्या भागाचा बचाव माझ्याच्यानेही होणार नाही.

रात्रपाळी
झोपडीच्या वेळी मी चहा करायला उठलो होतो, हे आता कबूल करतो. शनिवारी तेवढा भाग परत लावतो. पण जांभई आली की मिनिटासकट इथे लिहीन.

पिठलंभात
दहाव्या मिनिटाला. लावा पैज.